९९९.९९ पासून खाली

आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाकडे, म्हणजे 'फिस'कडे, खेळाडू म्हणून नोंद झाली की नावापुढे पहिला आकडा लागतो तो ९९९.९९. अजून एकाही शर्यतीचे गुण खात्यावर नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या खेळात गुण जितके कमी तितका खेळाडू वरचा. जगातले अव्वल स्कीपटू शून्याच्या आसपास असतात. मी नाशिकची. गेली काही वर्षं अल्पाइन स्कीइंगच्या शर्यतींत उतरते. 'नाशिकला बर्फ कुठंय?' हा प्रश्न मला लग्नांत, कॉलेजात, बँकेच्या रांगेत, रिक्षातसुद्धा विचारला गेलाय आणि दर वेळी मी अर्धंच उत्तर दिलंय. इथे पूर्ण देते.

सुरुवात चाकांवर झाली. शाळेत असताना बाबांनी इनलाइन स्केट्स आणून दिले आणि मी रिंकपेक्षा उतारावर जास्त रमायला लागले. अकरावीच्या जानेवारीत गुलमर्गला गेले. तिथे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, तिचा सुरुवातीचा कोर्स केला. मनमाडहून झेलम एक्स्प्रेसने जम्मू, तिथून सुमोने बनिहालचा बोगदा ओलांडून श्रीनगर, मग टंगमर्ग आणि वर. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धाही नेमक्या त्याच सुमारास असतात. त्यामुळे पुढच्या वर्षी घरात काय काय बोलणं झालं असेल, ते प्रत्येक मराठी घराला सांगायला नको.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच माथ्याच्याही हजार मीटर वर तिथली सपाटी सुरू होते आणि गोंडोला, म्हणजे तिथली केबल कार, तुम्हाला त्याच्याही वर नेतो. पहिले दोन दिवस जिना चढल्यासारखा दम लागायचा. पण खरी अडचण दमाची नव्हती. स्केटिंगमध्ये भीती वाटली की अंग मागे जातं आणि तिथे ते चालून जातं. स्कीवर अंग मागे गेलं की स्कीची टोकं हलकी होतात आणि ताबा सुटतो. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबून धरायची आणि छाती दरीकडे न्यायची, म्हणजे जिकडे पडायची भीती आहे तिकडेच झुकायचं. आमचे तिथले सर एकच वाक्य दिवसभर म्हणत: 'बेटा, डर लगे तो आगे झुको.' अंगाला हे पटायला माझा अख्खा कोर्स गेला.

फिरायला आलेल्यांचं स्कीइंग आणि शर्यतीचं स्कीइंग यांत बर्फावरच्या खुणेएवढा फरक असतो. घसरत वळलं की मागे झाडून काढल्यासारखा रुंद पट्टा उमटतो. तो पट्टा म्हणजे लावलेला ब्रेक. स्की खालच्या पोलादी कडेवर आडवी करून तिच्या स्वतःच्या वक्रतेवर वळवली, की दोन बारीक रेघा उमटतात आणि वेग तसाच राहतो. याला कार्व्हिंग म्हणतात. शर्यतीत बर्फात रोवलेल्या खांबांची लाल आणि निळी फाटकं आलटूनपालटून येतात. फाटक जवळ आल्यावर वळायला घेतलं तर उशीर झालेला असतो. वळण फाटकाच्या वरच सुरू व्हायला हवं, म्हणजे फाटकाशी पोहोचेपर्यंत ते जवळजवळ संपलेलं असतं आणि नजर पुढच्या दोन फाटकांवर गेलेली असते. हे जमायला लागलं तेव्हा मला समजलं की मला हेच करायचंय.

मामांची द्राक्षबाग निफाडला आहे. जानेवारीत पारा उतरला की ते रात्र रात्र बागेत शेकोट्या करून बसतात. मी गुलमर्गच्या थंडीचं कौतुक सांगत होते तेव्हा ते म्हणाले, 'पोरी, इथं दव गोठलं की आमची बाग जाती, अन् तू गोठलेलं शोधत काश्मीरला जाती!' पुढच्या चांगल्या हंगामात माझ्या शर्यतीच्या बुटांचे पैसे त्यांनीच दिले. हे बूट नेहमीच्या मापापेक्षा लहान घेतात, आत पातळ मोजा आणि पाय अगदी आवळून बसवलेला, कारण घोट्याची बारीकशी हालचालही थेट कडेपर्यंत पोहोचायला हवी. थंडीत त्यांचं प्लास्टिक इतकं कडक होतं की बूट आधी ऊबेत ठेवल्याशिवाय पाय आत जात नाही.

माझी वर्षातली बर्फावरची गाठ मोजक्या आठवड्यांची. शर्यतीतली तर आणखी थोडी. एका हंगामातल्या माझ्या सगळ्या शर्यतींच्या वेळा जोडल्या तरी तासभर भरत नाही. बाकी सगळी तयारी नाशिकला.

पहाटे चामरलेणीच्या किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या. लोक तिथे चढायला येतात, मी उतरायला जाते. वर जायचं ते पुन्हा उतरता यावं म्हणून. स्कीइंगमध्ये मांडीचा स्नायू सतत ताणला जात असतानाच जोर लावत असतो, कारण वळणात शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार बाहेरच्या पायावर येतो आणि तो पाय दुमडू द्यायचा नसतो. पायऱ्या वेगाने पण ताब्यात उतरणं, एका पायावर बसून सावकाश खाली जाणं, खोक्यावरून उडी मारून आवाज न करता टेकणं, ही त्याचीच तयारी. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं नुसतं थांबणं हा दिसायला सगळ्यात साधा व्यायाम आहे आणि सगळ्यात क्रूर. शर्यतीची एक धाव मिनिटभराची असते आणि शेवटच्या पंधरा सेकंदांत मांड्या पेटलेल्या असतात. मन शांत असून उपयोग नाही. त्या पंधरा सेकंदांत पायाने हार मानली की पुढची फाटकं हुकतातच.

रविवारी त्र्यंबक रोडच्या पलीकडे एका नव्या ले-आउटमधल्या उतरत्या डांबरी रस्त्यावर प्लास्टिकचे कोन मांडून इनलाइन स्केट्स. तिथे प्लॉट विकले गेलेत पण घरं व्हायचीत, त्यामुळे गाड्या नसतात. कोन कधी सारख्या अंतरावर, कधी मुद्दाम वेडेवाकडे. वळणाची लय आणि नजर पुढे ठेवण्याची सवय चाकांवर खरंच तयार होते. बर्फाची कडा पकडण्याची जाणीव मात्र डांबर देत नाही. ती फक्त बर्फावर येते आणि दर डिसेंबरला मला ती पहिल्यापासून शोधावी लागते. ज्या मुली तीन-चार वर्षांच्या असताना घरामागच्या टेकडीवर स्कीवर उभ्या राहिल्या, त्यांच्यात आणि माझ्यात खरं अंतर इथे आहे.

आता स्कीची देखभाल. यावर कुणी फारसं बोलत नाही आणि मला ती मनापासून आवडते. आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बाबांनी लाकडी घोडी करून दिलीय, तिच्यावर स्की उलटी आवळायची. कडेचा कोन साधारण ८७ अंशांचा ठेवायचा. त्यासाठी कोन धरणारं साधन, कानस, मग हिऱ्याच्या भुकटीच्या पट्ट्या. कडेवर हलकेच नख ओढलं आणि त्याचा बारीक कीस निघाला की धार लागली. मग तळाला मेण. मेणाची इस्त्री वेगळी असते, तिचं तापमान नेमकं धरून ठेवता येतं. कपड्यांच्या इस्त्रीने तळ जळू शकतो. मेण वितळवून पसरायचं, थंड होऊ द्यायचं, पट्टीने खरवडून काढायचं आणि ब्रशने घासायचं. बर्फ कोरडा आणि कडक थंडीतला असेल तर मेण कडक, मार्चमधला ओलसर असेल तर मऊ. पूर्वी शर्यतीत फ्लोरिनयुक्त मेण वापरत. पर्यावरणाला आणि मेण लावणाऱ्याच्या तब्येतीला ते घातक, म्हणून फिसने २०२३-२४ च्या हंगामापासून त्यावर पूर्ण बंदी आणली. माझ्यासारख्यांसाठी हे चांगलंच झालं. ते मेण फार महाग होतं आणि ज्यांना परवडायचं ते बर्फावर पाय ठेवण्याआधीच पुढे असायचे.

नाशिकच्या पावसाळ्यात या कडा गंजतात. युरोपातल्या खेळाडूंना उन्हाळ्यात एक थर लावून स्की कोपऱ्यात ठेवल्या तरी चालतं. मी जूनमध्ये तळावर आणि कडांवरही जाड मेण चढवते, न खरवडता तसंच ठेवते आणि गणपतीत एकदा काढून पाहते. आई म्हणते, 'लोणच्याच्या बरणीची पण एवढी काळजी घेत नाहीस.'

शर्यतीच्या दिवशी सकाळी मार्गाची पाहणी असते. ठरावीक वेळ देतात. फाटकांच्या कडेने, स्की आडव्या धरून, हळूहळू घसरत खाली जायचं. फाटकांतून धाव काढून बघितली तर बाद. सराव करायला मिळत नाही. मार्ग आदल्या रात्री कुणी पाहिलेला नसतो आणि दुसऱ्या धावेसाठी तो पुन्हा नव्याने मांडतात. त्या थोड्या वेळात सगळा मार्ग पाठ करायचा. मी फाटकं मोजत नाही, वळणांच्या लयीत लक्षात ठेवते: इथे सलग चार सारखी, मग उतार तुटतो आणि पुढचं फाटक दिसत नाही, तिथे डावीकडच्या झाडाच्या टोकावर नजर, मग उभ्या रांगेतली तीन, म्हणजे फ्लश, तिथे अंग सरळ, आणि मग लांब आडवं जाणं, तिथे घाई केली तर पुढचं हुकणार. खाली पोहोचल्यावर मुली डोळे मिटून, हात हलवत उभ्या असतात. लांबून बघणाऱ्याला ते वेगळंच वाटेल. त्या सगळ्या धाव घेत असतात.

सुरुवातीचा क्रम गुणांवर ठरतो. चांगल्या गुणांच्या खेळाडू आधी, बाकीच्या मागून. माझ्यासारखीचा नंबर येईपर्यंत फाटकांभोवती खोल चर पडलेले असतात. मऊ बर्फात हे चर इतके होतात की पाहणीत ठरवलेली वाट उरतच नाही. चराच्या भिंतीवर स्की टेकवून वळावं लागतं. गुण कमी करायचे तर चांगला क्रम हवा आणि चांगला क्रम हवा तर गुण कमी हवेत. या चक्रातून बाहेर पडायला गणित समजून घ्यावं लागतं.

माझे शर्यतीचे प्रकार दोन: जवळजवळच्या फाटकांचा स्लॅलम आणि लांब लांब फाटकांचा जायंट स्लॅलम. जायंट स्लॅलमच्या गुणांसाठी १०१० हा ठरलेला गुणक आहे, स्लॅलमसाठी ७३०. तुमची वेळ विजेतीच्या वेळेपेक्षा जितक्या प्रमाणात जास्त, तितका त्या गुणकाचा हिस्सा तुमच्या वाट्याला येतो. समजा जायंट स्लॅलममध्ये विजेतीच्या दोन धावांची मिळून वेळ १२० सेकंद आणि माझी १३२. मी दहा टक्के मागे, म्हणून १०१ गुण. एक सेकंद साधारण ८.४ गुणांचा पडतो. त्यात शर्यतीचा दंड मिळवतात. शर्यतीला कोण आलंय आणि पहिल्या दहांत कोण आलं, त्यावर तो ठरतो. तगडी मंडळी असतील तर दंड कमी. म्हणून तगड्या शर्यतीत मागे राहणं कधी कधी कच्च्या शर्यतीत पुढे येण्यापेक्षा फायद्याचं ठरतं. शेवटी खात्यावर दिसते ती तुमच्या दोन सर्वोत्तम निकालांची सरासरी.

माझे पहिले गुण दुबईत आले. मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये २००५ पासून स्की दुबई आहे, छताखालचा सुमारे ४०० मीटरचा उतार. बाहेर वाळवंट, आत शून्याखाली तापमान. तिथे फिसच्या प्रवेशपातळीच्या शर्यती होतात आणि ज्या देशांत बर्फाच्या सोयी कमी आहेत तिथले खेळाडू गुणांसाठी तिथे जमतात. मुंबईहून विमानाने तिथे पोहोचणं मला गुलमर्गपेक्षा सोपं पडतं, हे नाशिकला कुणाला खरं वाटत नाही. उतार लहान, म्हणून चुकीला जागा नाही. विजेतीची वेळ ५० सेकंद असेल तर स्लॅलममध्ये एक सेकंद १४.६ गुणांचा. पहिल्या धावेत मी फार जपून खाली आले. दुसरीत सुरुवातीच्या दांडीपाशी उभी असताना मी ठरवलं, की पहिल्या फाटकापासूनच आगे झुको. दोन्ही धावा पूर्ण झाल्या. निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढे तीन आकडी गुण होते आणि मी तो कागद तिथेच उभ्या उभ्या बाबांना फोटो काढून पाठवला. बाबांनी विचारलं, 'कमी म्हणजे चांगलं ना?' कमी म्हणजे चांगलं, बाबा.

काश्मीरच्या आरिफ खानने बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकची पात्रता अशीच, जायंट स्लॅलमची माँटेनिग्रोत आणि स्लॅलमची दुबईत मिळवली होती. त्या वेळी पाच निकालांची सरासरी १६० च्या आत असावी लागायची. त्या ऑलिम्पिकला भारताकडून गेलेला तो एकटाच खेळाडू, आणि जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. आपल्याकडच्या बातम्यांत ४५ वा एवढंच छापून आलं. त्या दिवशी बर्फ पडत होता, दिसत नव्हतं आणि कितीतरी खेळाडू धाव पूर्णच करू शकले नाहीत. मनालीजवळच्या बुरुवा गावच्या आंचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कस्तानात एर्झुरूमला स्लॅलमचं कांस्य मिळवलं, ते स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९८८ ला कॅल्गरीत, शैलजा कुमार स्लॅलममध्ये २८ वी आली होती. हिवाळी ऑलिम्पिकला गेलेली ती पहिली भारतीय स्त्री. तिचं नाव मी गुलमर्गला ऐकलं. शाळेच्या एखाद्या पुस्तकात मला ते भेटायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

मध्ये एक हंगाम गुडघ्याने घेतला. मऊ बर्फातल्या एका चरात मागे बसले, खालची स्की आत वळली आणि डाव्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला. या खेळात ही दुखापत सगळ्यांना माहीत असते. शस्त्रक्रिया नाशिकलाच झाली. मग फिजिओथेरपी, सावरकर जलतरण तलावात कमरेएवढ्या पाण्यात चालणं, सायकल, पुन्हा एका पायावर बसणं. तिथे भेटणाऱ्या आज्या गुडघे बदलून आलेल्या असायच्या. त्या मला रोज विचारायच्या, 'आज किती वाकला गं?' त्यांचा आणि माझा कोन बरेच दिवस सारखाच होता. नऊ महिने म्हणजे नऊ महिने, त्यात घाई करू नये. घाई केलेल्या दोन मैत्रिणी मी पुन्हा टेबलावर गेलेल्या पाहिल्यात.

परत आल्यावर बर्फानेच दगा दिला. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. २०२५ ला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा गुलमर्गचा टप्पा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून पुढे ढकलावा लागला आणि मार्चमध्ये झाला. आल्प्समध्ये बर्फ कमी पडला तर कृत्रिम बर्फ फवारून उतार तयार करतात. गुलमर्गला सगळा भरवसा आभाळावर. तयारी शिगेला आणायची ती एका तारखेसाठी, आणि तारीखच हलली तर शरीराला पुन्हा खाली आणून पुन्हा वर न्यावं लागतं. द्राक्षवाल्यांना हे समजावून सांगायला लागत नाही. मामांनी एवढंच विचारलं, 'मग आता पुढचा डाव कधी?'

मला भेटणारे आईवडील शेवटी पैशांचं आणि नोकरीचं विचारतात, आणि ते विचारणं रास्त आहे. आपल्याकडचे बरेच चांगले स्कीपटू सैन्यात किंवा आयटीबीपीत, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांत, आहेत. त्यांना पगार आहे, डोंगर आहे आणि सरावाला वेळ आहे. साध्या घरातल्या मुलीला यातलं काही आपोआप मिळत नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण कोणत्या स्पर्धेतली कोणती कामगिरी धरतात ते आधीच नियम वाचून पक्कं करावं. मी सकाळी सराव, दुपारी अकाउंट्सचं काम आणि संध्याकाळी मुलांना स्केटिंग शिकवते. स्केटिंगचे पैसे थेट विमानाच्या तिकिटात जातात. माझे स्लॅलमचे गुण आता दोनशेच्या आत आले आहेत. जायंट स्लॅलम मागे आहे, कारण त्यासाठी लांब उतार लागतो आणि तो दुबईत नाही. या हंगामात त्यासाठी बाहेर जायचंय.

माझ्याकडे शिकणाऱ्या दोन मुली येत्या जानेवारीत पहिल्यांदा गुलमर्गला निघाल्यात. दोघी आठवीत, चाकांवर माझ्यापेक्षा धीट. त्यांच्या घरच्यांना मी सांगितलंय, की स्की आत्ता विकत घेऊ नका, तिथे भाड्याने मिळतात आणि वर्षभरात मुलींची उंची बदलेल. हेल्मेट आणि पायाला नीट बसणारे बूट एवढ्यावरच खर्च करा, आणि निघायच्या आधी दोघींना रोज भिंतीला पाठ लावून बसवा.